ऑफिसातल्या क्रिकेटच्या गप्पांत सामील व्हायचंय? आधी स्कोअर वाचायला शिका

आयपीएल सुरू झालं की इंदूरच्या ऑफिसांत सकाळच्या पोह्यांपासून संध्याकाळच्या चहापर्यंत एकच विषय चालतो. ज्याला क्रिकेट कळत नाही तो टेबलाच्या कडेला मोबाइल चाळत बसतो, आणि एक दिवस ठरवतो की आता शिकायचंच. इथपर्यंत ठीक. पुढे मात्र बहुतेक जण खेळाडूंची नावं आणि विक्रम पाठ करायला घेतात, दोन-चार रील बघतात आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर ठाम मत मांडतात. समोरचा सहज एक उपप्रश्न विचारतो आणि गाडी तिथेच अडते.

अडते कारण क्रम उलटा झालेला असतो. आधी स्कोअर वाचता यायला हवा, मग मॅच बघता यायला हवी, मग नावं, मग प्रश्न. मत सगळ्यात शेवटी. रोज वीस-पंचवीस मिनिटं आणि आठवड्यातून एक पूर्ण मॅच एवढा वेळ दिलात तर तीन आठवडे पुरतात.

सुरुवातीची तयारी

तीन गोष्टी आधी ठरवा.

पहिली, प्रकार. टी-ट्वेंटीपासून सुरुवात करा. दोन्ही संघांना २० ओव्हर, म्हणजे १२० चेंडू मिळतात आणि साधारण साडेतीन-चार तासांत निकाल लागतो. वन-डे ५० ओव्हरची, टेस्ट पाच दिवसांची. टेस्ट हा खेळाचा सगळ्यात खोल प्रकार आहे, पण नवख्याने तिथून सुरू केलं तर पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत उत्साह संपतो.

दुसरी, स्पर्धा. एका वेळी एकच. आयपीएल चालू असेल तर आयपीएल, नसेल तर भारताची चालू असलेली मालिका.

तिसरी, संघ. इंदूरचा किंवा मध्य प्रदेशाचा आयपीएल संघ नाही. त्यामुळे एकाच ऑफिसात मुंबई, चेन्नई, बंगळुरू, कोलकाता असे सगळ्यांचे चाहते सापडतात आणि कुठलाही संघ निवडलात तरी कोणी वाईट वाटून घेत नाही. फक्त निवडीला खरं कारण असू द्या. ‘रजत पाटीदार इंदूरचा आहे, म्हणून बंगळुरू’ हे इथे सगळ्यांना पटणारं कारण आहे. त्याच्याच कप्तानीखाली त्या संघाने २०२५मध्ये पहिल्यांदा आयपीएल जिंकलं. साहेबांचा संघ तोच आपला संघ, असं मात्र करू नका. संघ हरल्यावर वाईट वाटलं नाही की ते चेहऱ्यावर दिसतं.

साधनं म्हणाल तर पूर्ण स्कोअरकार्ड दाखवणारं एखादं अॅप आणि एक छोटी वही. फक्त ठळक क्षणांचे व्हिडिओ दाखवणारं अॅप या कामाचं नाही. त्यात चौकार, षटकार आणि विकेटच दिसतात. सामना कुठे फिरला ते दिसत नाही.

पायरी १: स्कोअर वाचणं

ही पायरी पक्की झाली की निम्मं काम झालं, म्हणून हिला पूर्ण पाच दिवस द्या. या पाच दिवसांत मॅच बघितली नाही तरी चालेल.

समजा स्क्रीनवर दिसतंय: ११८/४, १४.३ ओव्हर, लक्ष्य १७२. याचा अर्थ ११८ धावा झाल्या, चार गडी बाद झाले, १४ ओव्हर पूर्ण होऊन पंधराव्या ओव्हरचे तीन चेंडू पडले.

सावधान: १४.३ हा दशांश नाही. टिंबानंतरचा आकडा चेंडूंचा असतो आणि ओव्हरमध्ये चेंडू सहाच, म्हणून १४.३ म्हणजे साडेचौदा ओव्हर. १४.५ नंतरचा चेंडू पडला की आकडा थेट १५ होतो. नवखे लोक कॅल्क्युलेटरमध्ये १४.३ टाकून भागाकार करतात आणि चुकीचा रनरेट, म्हणजे ओव्हरमागे होणाऱ्या धावा, सांगून बसतात. हिशोब नेहमी चेंडूंत करा.

तोच हिशोब असा: पडलेले चेंडू १४ × ६ + ३ = ८७. उरलेले ३३. हव्या असलेल्या धावा १७२ − ११८ = ५४. आतापर्यंतचा रनरेट ११८ ÷ ८७ × ६, म्हणजे साधारण ८.१४. हवा असलेला रनरेट ५४ ÷ ३३ × ६, म्हणजे ९.८२. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर दबाव बॅटिंग करणाऱ्यांवर. पण तेवढ्यावर थांबू नका, हातात विकेट किती आहेत ते बघा. ३३ चेंडूंत ५४ धावा सहा विकेट हातात असताना होण्यासारख्या असतात. दोनच उरल्या असतील तर चित्र पार बदलतं. रनरेट आणि उरलेल्या विकेट एकत्र वाचणं म्हणजेच स्कोअर वाचणं.

आता बॅट्समनची ओळ. ३६ (२४) म्हणजे २४ चेंडूंत ३६ धावा. स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे धावा: ३६ ÷ २४ × १०० = १५०. टी-ट्वेंटीत ही चांगली खेळी. त्याच ३६ धावा ३६ चेंडूंत केल्या तर बहुतेक वेळा संघ मागे पडतो. म्हणूनच ‘त्याने पन्नास केल्या’ ऐकलं की जाणकार लगेच विचारतो, ‘कितने में?’

बोलरची ओळ ४-०-२८-२ अशी असते: चार ओव्हर, एकही मेडन (एकही धाव न दिलेली ओव्हर) नाही, २८ धावा, दोन विकेट. इकॉनॉमी म्हणजे ओव्हरमागे दिलेल्या धावा, इथे ७. टी-ट्वेंटीत एका बोलरला जास्तीत जास्त ४ ओव्हर मिळतात, वन-डेत १०. हा एक नियम कळला की कप्तानाची निम्मी चिंता कळते: चांगल्या बोलरच्या ओव्हर आत्ता संपवायच्या की शेवटासाठी राखायच्या?

तपासणी: कालच्या कुठल्याही मॅचचं स्कोअरकार्ड उघडा. निकालाची ओळ हाताने झाका. नुसत्या आकड्यांवरून तीन वाक्यं लिहा: कोण जिंकलं, कोणाच्या खेळीमुळे, आणि कुठल्या बोलरला मार पडला. मग निकाल बघा. लागोपाठ तीन सामन्यांत हे बरोबर आलं की पुढे जा.

पायरी २: एक मॅच पूर्ण बघणं

आयपीएलची संध्याकाळची मॅच साडेसातला सुरू होते, टॉस सातला. टॉसपासून बघा, कारण दुसऱ्या दिवशीची पहिली चर्चा बहुतेक टॉसवरूनच निघते. रात्री दव पडलं की चेंडू ओला होतो, स्पिनरला, म्हणजे चेंडू फिरवणाऱ्या बोलरला, पकड मिळत नाही आणि चेंडू बॅटवर घसरत येतो. म्हणून टॉस जिंकणारे बरेच कप्तान आधी बोलिंग घेतात.

१२० चेंडूंचे मनात तीन भाग करा.

१ ते ६ ओव्हर पॉवरप्ले. ३० यार्डांच्या वर्तुळाबाहेर फक्त दोनच फिल्डर उभे राहू शकतात. सीमारेषा मोकळी असते म्हणून ओपनर उंच फटके मारतात आणि म्हणूनच बादही होतात.

७ ते १५ हा मधला भाग. आता पाच फिल्डर बाहेर जाऊ शकतात. स्पिनर येतात, एक-दोन धावा पळून काढल्या जातात. नवख्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि तो नेमका इथेच जेवायला उठतो. पुष्कळ सामने याच नऊ ओव्हरींत हरले-जिंकले जातात. जेवण साडेसातच्या आधी उरकून घ्या.

१६ ते २० शेवटची हाणामारी. इथे यॉर्कर, म्हणजे थेट बॅट्समनच्या पायाशी पडणारा चेंडू, आणि वेग कमी करून टाकलेला चेंडू ओळखायला शिका.

वहीत सहाव्या, दहाव्या, पंधराव्या आणि विसाव्या ओव्हरनंतरचा स्कोअर लिहा, विकेटसकट. एवढं पुरे. दोन्ही डावांचे हे चार-चार आकडे शेजारी ठेवलेत की सामना कुठल्या भागात हातातून गेला ते दिसतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ‘पंधराव्यापर्यंत दोघं बरोबरीत होते, शेवटच्या पाचात फरक पडला’ असं म्हणता येतं, आणि या वाक्याला कोणी खोडून काढू शकत नाही, कारण ते आकड्यांवर उभं आहे.

सावधान: मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीच्या मागे असू शकतं. शेजारच्या घरातून ओरडा ऐकू आला की तुमच्या स्क्रीनवर तो चेंडू अजून पडायचा असतो. ऑफिसच्या ग्रुपवर ‘गया!’ लिहिताना हे लक्षात ठेवा. त्या चेंडूची कोणाची तरी उत्सुकता तुम्ही घालवून टाकता.

पायरी ३: आउट कसा झाला, आणि डीआरएस

झेल, बोल्ड, रन-आउट आणि स्टंपिंग डोळ्यांना दिसतात, ते दोन मॅचमध्ये कळतात. गाडी अडते ती एलबीडब्ल्यूवर, म्हणजे स्टंपकडे जाणारा चेंडू बॅट्समनच्या पायाने अडला तर. तिथे तीन प्रश्न या क्रमाने विचारा.

चेंडूचा टप्पा कुठे पडला? लेग स्टंपच्या बाहेर पडला असेल तर नॉट-आउट, पुढचं बघायचंच नाही. पायाला कुठे लागला? ऑफ स्टंपच्या बाहेर लागला आणि बॅट्समनने फटका मारायचा खरा प्रयत्न केला असेल, तर नॉट-आउट. पाय नसता तर चेंडू स्टंपला लागला असता का? तिन्ही अनुकूल असले तरच आउट. उजव्या हाताच्या बॅट्समनची लेग साइड म्हणजे त्याच्या पाठीमागची बाजू, छातीसमोरची ती ऑफ. डावखुरा आला की बाजू उलटतात. इथे बरेच जण फसतात.

अंपायरचा निर्णय पटला नाही तर संघ रिव्ह्यू मागतो आणि तो कॅमेऱ्यांच्या मदतीने पुन्हा तपासला जातो, हीच डीआरएस. रिव्ह्यू घेतल्यावर पडद्यावर ‘अंपायर्स कॉल’ आलं, तर चेंडू निसटता लागतोय किंवा लागण्याचा बिंदू सीमेवर आहे असा अर्थ. अशा वेळी मैदानावरच्या अंपायरचा निर्णय कायम राहतो आणि रिव्ह्यू वाया जात नाही. त्यामुळे तसाच चेंडू एकदा आउट आणि एकदा नॉट-आउट ठरू शकतो. ‘बेईमानी झाली’ म्हणायच्या आधी मूळ निर्णय काय होता ते बघा. टी-ट्वेंटी आणि वन-डेत प्रत्येक डावात संघाला दोन रिव्ह्यू, टेस्टमध्ये तीन.

टी-ट्वेंटी आणि वन-डेत नो-बॉल, म्हणजे नियमबाह्य चेंडू, पडला की पुढचा चेंडू फ्री हिट. त्यावर झेल गेला किंवा बोल्ड झाला तरी आउट नाही, रन-आउट मात्र होऊ शकतो.

एक गोष्ट भाषेची. मराठी पेपरात पायचीत, त्रिफळाचीत, निर्धाव षटक वाचता, टीव्हीवरच्या हिंदी कॉमेंट्रीत पगबाधा ऐकू येतं, आणि इंदूरच्या ऑफिसात लोक सरळ ‘एलबी’ म्हणतात. मराठी शब्द सुंदर आहेत आणि घरी जरूर वापरा. ऑफिसात जे बोललं जातं तेच बोला.

पायरी ४: गुणतक्ता

आयपीएलमध्ये दहा संघ, प्रत्येकाचे १४ साखळी सामने. साखळीचे एकूण ७०, वर प्लेऑफचे ४. जिंकलं की २ गुण, निकाल लागला नाही तर दोघांना १-१. पहिले चार संघ पुढे जातात. पहिला आणि दुसरा क्वालिफायर वनमध्ये भिडतात. जिंकणारा थेट फायनलला, हरणाऱ्याला आणखी एक संधी. तिसरा-चौथा एलिमिनेटर खेळतात आणि हरणारा घरी जातो. ‘टॉप टू’साठी एवढी धडपड का, याचं उत्तर त्या एका जादा संधीत आहे.

गुण सारखे झाले तर नेट रनरेट महत्त्वाचा ठरतो. स्वतः ओव्हरमागे केलेल्या धावांतून ओव्हरमागे दिलेल्या धावा वजा करायच्या. संघ ऑलआउट झाला तर तो जितक्या ओव्हर खेळला तितक्या न धरता पूर्ण २० धरतात. तुम्ही २० ओव्हरमध्ये १८० केल्या आणि समोरचे १८ ओव्हरमध्ये १६० वर ऑलआउट झाले, तर त्यांचा रेट १६० ÷ २० = ८. तुमचा ९. फरक अधिक १. कोणी १६० ला १८ ने भागलं तर त्याचं उत्तर चुकणारच. एप्रिल संपत आला की रोज याच एका आकड्यावर वाद होतात, तेव्हा ही पायरी त्याआधी उरका.

पायरी ५: नावं, पण पंधराच

आपल्या संघातले अकरा आणि ऑफिसात सतत ऐकू येणारे चार. प्रत्येकापुढे वहीत तीनच गोष्टी लिहा: कितव्या नंबरला येतो किंवा कुठल्या ओव्हर टाकतो, उजवा की डावा, आणि त्याची खासियत. जन्मतारीख, एकूण शतकं, लिलावातली बोली, काही नको. संघ लिलावात बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीची यादी वापरू नका. हंगामाच्या सुरुवातीला नवी बघा.

इंदुरात बसून काही गोष्टी मात्र ठाऊक असायलाच हव्यात. त्या इथल्या माणसांच्या अभिमानाच्या आहेत आणि ज्येष्ठ सहकारी त्या मनापासून सांगतात. इंदूरच्या जुन्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक, म्हणजे देशांतर्गत क्रिकेटची मोठी स्पर्धा, जिंकला आणि त्याचं नेतृत्व सी. के. नायडूंनी केलं. मध्य प्रदेशाने रणजी पहिल्यांदा जिंकला तो २०२१-२२च्या हंगामात, बंगळुरूच्या फायनलमध्ये मुंबईला हरवून. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. १९९८-९९ला तेच मध्य प्रदेशाचे कप्तान होते आणि त्याच मैदानावर फायनल हरले होते. वन-डेत सेहवागच्या २१९ धावा इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, ८ डिसेंबर २०११ला. वन-डेतल्याच सचिनच्या नाबाद २०० ग्वाल्हेरला, २४ फेब्रुवारी २०१०ला. या दोन मैदानांची अदलाबदल करू नका. इंदूर-ग्वाल्हेरच्या टेबलावर ती चूक लोक विसरत नाहीत.

महिलांचं क्रिकेटही याच यादीत घ्या. १९ ऑक्टोबर २०२५ला महिलांच्या विश्वचषकात होळकर स्टेडियमवर भारत इंग्लंडकडून फक्त ४ धावांनी हरला. सांगलीच्या स्मृती मानधनाने त्या दिवशी ८८ केल्या. दोन आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, भारताच्या याच संघाने नवी मुंबईत विश्वचषक उचलला. ऑफिसातल्या कितीतरी मैत्रिणी हे सामने चेंडू-चेंडू बघतात. त्यांच्याशी बोलताना ‘तुम्हालाही आवडतं का?’ असं सुरू करू नका. थेट खेळावर बोला.

पायरी ६: बोलायला सुरुवात

पहिला आठवडा फक्त ऐका. कोण कुठल्या संघाचा, कोणाला आकडे आवडतात, हरल्यावर कोणाला चिडवलेलं चालत नाही, हे टिपा.

दुसऱ्या आठवड्यात प्रश्न विचारा. चांगल्या प्रश्नाच्या मागे तुम्ही बघितलेली एखादी गोष्ट असते. ‘काल काय झालं?’ हा रिकामा प्रश्न, त्याचं उत्तर मोबाइलवरही मिळतं. ‘भिया, सोलहवें में स्पिनर क्यों लगाया, तेज वाले के दो ओवर तो बचे थे?’ हा भरलेला प्रश्न. यावर तीन माणसं तीन उत्तरं देतात आणि तुम्ही न बोलता गप्पांच्या मधोमध असता. मराठी टेबलावर ज्येष्ठांना ‘काका, तुमच्या वेळी कप्तानाने काय केलं असतं?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

कळत नसेल तर ‘मी यंदाच बघायला लागलोय’ किंवा ‘लागलेय’ असं सरळ सांगा. क्रिकेट समजावून सांगायला आवडत नाही असा माणूस या शहरात शोधावा लागेल. खोटं जाणतेपण मात्र लगेच उघडं पडतं, आणि पुढच्या वेळी तुम्हाला कोणी काही सांगत नाही.

बोलायची वेळही महत्त्वाची. एकत्र मॅच बघत असाल तर चेंडू पडताना गप्प राहा, ओव्हर संपली की बोला. आयपीएलमध्ये प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन स्ट्रॅटेजिक टाइमआउट असतात. मोठा प्रश्न तेव्हा काढा.

तिसऱ्या आठवड्यात मत द्या, पण त्याला एक आकडा जोडून. आणि मैदानाबद्दल सरसकट विधान करू नका. ‘होळकरवर रनांचा पाऊसच पडतो’ हे खरं वाटतं, कारण सीमारेषा जवळ आहेत आणि २२ डिसेंबर २०१७ला रोहित शर्माने इथे ३५ चेंडूंत शतक केलं, भारताने श्रीलंकेविरुद्ध २६० केल्या. पण मार्च २०२३च्या टेस्टमध्ये ऑस्ट्रेलियासमोर भारत पहिल्या डावात १०९ वर गडगडला आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपला. मैदान तेच, खेळपट्टी वेगळी तयार केलेली.

इथे घसरू नका

‘सगळं फिक्स असतं’ हे वाक्य टाळा. रात्री साडेअकरापर्यंत जागून जो मनापासून मॅच बघतो, त्याला ते लागतं आणि गप्पा तिथेच बंद पडतात.

खेळाडूच्या घरच्यांवर, जातीधर्मावर किंवा शरीरावर विनोद झाला तर त्यात हसू नका. ग्रुपवर पुढे तर अजिबात पाठवू नका.

पैसे लावू नका. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, आणि ऑफिसातली ‘फक्त पन्नास-पन्नास रुपयांची’ वर्गणीही मैत्रीत हिशोब आणते. ‘मी बघतो, लावत नाही’ एवढं एकदा सांगितलं की पुन्हा कोणी विचारत नाही.

ज्याचा संघ हरला त्याला सकाळी आल्याआल्या छेडू नका. आधी त्याला चहा घेऊ द्या, तो स्वतः विषय काढेल.

दुसरे खेळ लागलेच तर

कबड्डी एका संध्याकाळी कळते: सात-सात खेळाडू, २० मिनिटांचे दोन डाव, ३० सेकंदांची चढाई. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’. त्यात गुण नाही आणला तर चढाईपटू बाद. फुटबॉलसाठी ४५-४५ मिनिटं आणि ऑफसाइड एवढं पुरे: पास निघतो त्या क्षणी पुढे उभा असलेला खेळाडू समोरच्या अर्ध्यात असेल, चेंडूच्याही पुढे असेल आणि त्याच्यापुढे गोलकीपर धरून विरोधी संघाचे दोन जण नसतील, तर तो ऑफसाइड. क्रम मात्र तोच ठेवा: आधी गुणफलक, मग एक पूर्ण सामना, मग नावं.

शेवटची तपासणी तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीला करा. टीव्हीचा आवाज बंद करून दहा ओव्हर बघा आणि घरातल्या कोणाला तरी काय चाललंय ते मराठीत सांगत राहा. जिथे अडखळाल ती पायरी पुन्हा उघडा. अडखळला नाहीत, तर सोमवारी सकाळी पोह्यांच्या टेबलावर मधली खुर्ची घ्या.